डार्क वेब: अंधार थोडा, अफवा फार

मे महिन्यातल्या एका रात्री साडेदहाला नाशिकहून ताईचा फोन आला. ताई एवढ्या उशिरा फोन करते म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं. "अरे, ह्याने लॅपटॉपवर कांद्याचं काहीतरी टाकलंय. डार्क वेब म्हणतात ते. त्याच्या मित्राची आई म्हणते, ते उघडलं की आपलं नाव थेट पोलिसांकडे जातं. काढून टाकायला सांगू का?"

नेटवर्कच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली, पण नाशिकच्या बाईला कांदा समजावून सांगायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. मागून भाचा ओरडत होता, "मामा, तूच सांग तिला, तिथे कुणाला काही कळत नाही." मी सांगायला गेलो, पण फोनवर ते जमलं नाही. गैरसमज दोघांचेही होते, फक्त एकमेकांच्या उलट. ताईला वाटत होतं, तिथं पाऊल टाकलं की माणूस बुडाला. भाच्याला वाटत होतं, तिथं गेलं की माणूस अदृश्य झाला. त्या रात्री अर्धवट राहिलेलं बोलणं इथं पुरं करतो.

गैरसमज: इंटरनेटचा ९६ टक्के भाग म्हणजे डार्क वेब

हिमनगाचं ते चित्र तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. वर पांढरं टोक, त्यावर गूगल आणि फेसबुक. खाली काळंनिळं पाणी आणि तळाशी कवटी. चित्र देखणं आहे आणि साफ चुकीचं आहे.

महाभूलेखवर सातबारा काढून पाहा. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, मोबाइल नंबर टाकायचा, वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा भरायचा, मग उतारा समोर येतो. हा उतारा गूगलला सापडत नाही. गूगलचा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर फिरतो, तो फॉर्म भरत बसत नाही. असं जे जे सर्च इंजिनच्या हाती लागत नाही, त्याला 'डीप वेब' म्हणतात. म्हणजे आजोबांच्या नावचा सातबारा डीप वेबवर आहे. तुमच्या बँक खात्याचं पान, ईमेलचा इनबॉक्स, डिजिलॉकरमधली दहावीची गुणपत्रिका, सोसायटीच्या ॲपवरची मेंटेनन्सची पावती हे सगळं डीप वेबच. त्यात भयानक काही असलंच तर मेंटेनन्सची रक्कम.

मोठे आकडे आले ते इथून. २००१ साली मायकेल बर्गमन या अमेरिकन अभ्यासकाने अंदाज मांडला, की सर्च इंजिनला न दिसणारं वेब दिसणाऱ्या वेबच्या ४०० ते ५५० पट मोठं असावं. तो बोलत होता डेटाबेसविषयी. पुढे कुणीतरी 'डीप' खोडून 'डार्क' लिहिलं आणि खाली कवटी काढली.

डार्क वेब ही त्यातली अगदी छोटी खोली. तिथल्या साइट नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत, त्यासाठी टॉरसारखं खास सॉफ्टवेअर लागतं. टॉरवरच्या साइटचा पत्ता म्हणजे अर्थ न लागणारी ५६ अक्षरं आणि आकडे, शेवटी 'डॉट ओनियन'. गंमत म्हणजे टॉर वापरणारे बहुतेक लोक या खोलीत फिरकतही नाहीत. टॉरमधून ते आपल्या नेहमीच्या साइटच बघतात, फक्त कुठून बघताहेत ते कळू न देता. ओनियन साइटच्या वाट्याला टॉरच्या एकूण रहदारीतला अगदी थोडा भाग येतो.

गैरसमज: हे सगळं गुन्हेगारांनी उभं केलं

उभं केलं अमेरिकेच्या नौदलाने.

१९९० च्या दशकाच्या मध्यात वॉशिंग्टनमधल्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग हे तिघं एका अडचणीवर काम करत होते. परदेशात हॉटेलच्या खोलीत बसलेला आपला माणूस मुख्यालयाशी जोडला गेला, तर मजकूर कितीही कुलूपबंद असो, कोण कुणाशी बोलतंय हे वाटेत बसलेल्याला दिसतंच. पाकीट फोडता आलं नाही तरी त्यावरचा पत्ता कुणीही वाचू शकतो. हेराच्या बाबतीत तेवढं पुरेसं असतं.

त्यांनी काढलेली युक्ती पत्राच्याच भाषेत सांगतो. पत्र एका पाकिटात घाला, ते पाकीट दुसऱ्यात, दुसरं तिसऱ्यात. सगळ्यात बाहेरच्या पाकिटावर पत्ता पहिल्या थांब्याचा. तो थांबा आपलं पाकीट उघडतो, तर आत पुढच्या थांब्याचा पत्ता. पहिल्याला पत्र कुणी पाठवलं ते माहीत असतं, कुठं जायचंय ते नाही. मधल्याला दोन्हीही नाही. शेवटचा पत्र मुक्कामी पोचवतो, पण पाठवणारा कोण ते त्याला माहीत नसतं. दर थांब्यावर एक साल निघते, म्हणून कांदा. टॉर हे 'द ओनियन राउटर' याचंच लघुरूप. जगभरातल्या स्वयंसेवकांनी आणि संस्थांनी चालवलेले असे सात-आठ हजार थांबे आज आहेत, आणि आपलं ब्राउझर त्यांतले तीन निवडतं. एवढी वळणं घेत जायचं म्हणून ते सावकाश चालतं. भाच्याची पहिली तक्रार हीच होती.

आता यातला खरा मजेचा भाग. हे जाळं फक्त नौदलाने वापरलं असतं तर त्याचा उपयोग शून्य होता, कारण कांद्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच ठरला असता. लपायला गर्दी लागते. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर माणूस हरवतो, रात्री तीनला नाही. म्हणून गर्दी मुद्दाम बोलावली गेली. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन हे दोघं सायव्हरसनबरोबर टॉर लिहीत होते. २००२ मध्ये जाळं सुरू झालं, कोड मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला, २००६ मध्ये 'टॉर प्रोजेक्ट' ही ना-नफा संस्था उभी राहिली. संस्थेच्या पैशाचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षं अमेरिकी सरकारच्याच वेगवेगळ्या खात्यांतून आला. आणि त्याच सरकारची एनएसए ही हेरसंस्था टॉर फोडता येत नाही म्हणून किती वैतागली होती, हे २०१३ मध्ये तिथल्याच माजी कंत्राटी कर्मचाऱ्याने, एडवर्ड स्नोडेनने, बाहेर काढलेल्या कागदपत्रांत जगाने वाचलं. एका हाताने कुलूप बनवायचं आणि दुसऱ्या हाताने तेच फोडत बसायचं.

भाचा टॉर सुरू करतो तेव्हा तो त्या गर्दीतला एक असतो. त्याला हे फार आवडलं, ताईला मुळीच नाही.

गैरसमज: टॉर उघडलं की गुन्हा दाखल

भारतात टॉर डाउनलोड करायला किंवा वापरायला बंदी घालणारा कायदा नाही. फेसबुकने २०१४ मध्ये स्वतःचा ओनियन पत्ता काढला, बीबीसीने २०१९ मध्ये. त्याच वर्षी खुद्द सीआयएनेही काढला. चीन, इराण, रशिया टॉर अडवतात. आपल्याकडे तशी सरसकट बंदी नाही.

गुन्हा ठरतो तो कृतीवर. चाकूने कांदा चिरला की कोशिंबीर, माणूस चिरला की खटला. पण एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची सामग्री नुसती शोधणं किंवा पाहणं हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. 'मी काही विकत घेतलं नाही, सहज बघायला गेलो होतो' हा बचाव तिथं चालत नाही. अमली पदार्थांचंही तेच. एलएसडीची कायद्याने ठरवलेली 'व्यावसायिक मात्रा' एक दशांश ग्रॅम आहे आणि त्यापुढे किमान शिक्षा दहा वर्षं. इंजिनिअरिंगच्या पोरांना हा आकडा कुणी सांगत नाही. मी त्या रात्री भाच्याला दोनदा सांगितला.

गैरसमज: टॉरवर कुणाला पत्ता लागत नाही

१ ऑक्टोबर २०१३, दुपारी तीनचा सुमार. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ग्लेन पार्क भागातलं सार्वजनिक वाचनालय, विज्ञानकथांच्या कपाटांजवळचं टेबल. एकोणतीस वर्षांचा रॉस उलब्रिक्ट लॅपटॉप उघडून बसला होता. त्याच्या मागे एक बाई आणि बुवा अचानक कडाकडा भांडायला लागले. तो वळून पाहतो तोवर कुणीतरी लॅपटॉप ओढून घेतला. भांडणारी जोडी एफबीआयची होती. लॅपटॉप उघडा असतानाच हाती लागणं गरजेचं होतं, कारण झाकण मिटलं असतं तर आतलं सगळं कुलूपबंद झालं असतं. पडद्यावर तेव्हा 'सिल्क रोड' या टॉरवरच्या सगळ्यात मोठ्या ड्रग्ज बाजाराचं मालकाचं खातं सुरू होतं.

तो सापडला कसा? कुणी कांदा सोलला म्हणून नव्हे. अमेरिकी आयकर खात्याचा गॅरी अल्फर्ड नावाचा अधिकारी साध्या गूगलवर जुन्या पोस्टी शोधत बसला होता. जानेवारी २०११ मध्ये 'अल्टॉइड' नावाच्या कुणीतरी एका चर्चास्थळावर सिल्क रोडची सर्वांत आधीची जाहिरात केली होती. त्याच 'अल्टॉइड'ने काही महिन्यांनी दुसरीकडे प्रोग्रामर हवा म्हणून पोस्ट टाकली आणि संपर्कासाठी स्वतःच्या खऱ्या नावाचा जीमेल पत्ता दिला. संपलं. २०१५ मध्ये त्याला पॅरोलविना जन्मठेप झाली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली, पण तो वेगळा विषय.

आपल्या भाषेत यासाठी दोन चांगले शब्द आहेत: टोपणनाव आणि निनावी. लोक त्यांची गल्लत करतात. कुसुमाग्रज हे टोपणनाव, पण त्यामागे शिरवाडकर आहेत हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. टोपणनावाला आठवण असते. त्याची एक पोस्ट दुसरीला जोडली जाते, दुसरी तिसरीला, आणि कधीतरी धागा घरापर्यंत येतो. खऱ्या निनावी पत्राला मागचं-पुढचं काही नसतं. ऑनलाइन जगात वर्षानुवर्षं निनावी राहणं जवळजवळ कुणालाच जमत नाही, कारण माणसाला नाव हवं असतं, इभ्रत हवी असते, आणि धंदा असेल तर गिऱ्हाईकही हवं असतं.

'अल्फाबे' हा सिल्क रोडहून कितीतरी मोठा बाजार. त्याच्या मालकाने सुरुवातीच्या दिवसांत नव्या सभासदांना जे स्वागताचे ईमेल पाठवले, त्यांत त्याचा जुना वैयक्तिक हॉटमेल पत्ता राहून गेला होता. २०१७ च्या जुलैत त्याला बँकॉकमध्ये अटक झाली. बाजार बंद पडताच गिऱ्हाइकं 'हान्सा' नावाच्या दुसऱ्या दुकानाकडे धावली. ते दुकान नेदरलँड्सच्या पोलिसांनी आधीच ताब्यात घेऊन ठेवलं होतं. महिनाभर पोलिसच गल्ल्यावर बसले होते, ऑर्डरी घेत होते आणि घरपोच पत्ते उतरवून घेत होते. पोलिसी कामगिरी म्हणून मला ही फार आवडते. पाठलाग नाही, गोळीबार नाही, नुसती दुकानदारी.

हार्वर्डचं उदाहरण त्याहून साधं. डिसेंबर २०१३ मध्ये परीक्षा टाळायला एका विद्यार्थ्याने टॉरमधून बॉम्बच्या धमकीचे ईमेल पाठवले. टॉरने त्याचं काम चोख केलं, ईमेल कुठून आला ते दिसत नव्हतं. पण तो विद्यापीठाच्या वायफायवर होता, आणि त्या वेळी तिथं टॉर वापरणारे मोजकेच होते. चौकशीला आल्यावर त्याने कबुली दिली. बुरखा घातलेला एकच माणूस रस्त्यावर असेल तर बुरख्याचा काय उपयोग?

आणि आता भारताला लाज आणणारी गोष्ट. कांद्याचा शेवटचा थांबा आठवा. तो शेवटची साल काढतो. आतलं पत्र पोस्टकार्डावर लिहिलेलं असेल, म्हणजे साइट किंवा ईमेल स्वतः एन्क्रिप्ट केलेलं नसेल, तर या थांब्याला मजकूर वाचता येतो. २००७ मध्ये डॅन एगर्स्टाड या एकवीस वर्षांच्या स्वीडिश तरुणाने असे पाच शेवटचे थांबे स्वतः चालवले आणि जे जात होतं ते नुसतं पाहिलं. त्याच्या हाती अनेक देशांच्या सरकारी ईमेल खात्यांचे पासवर्ड लागले. त्यांतले शंभर त्याने जाहीर केले. त्या यादीत भारतीय दूतावास होते, डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्थाही होती. टॉर वापरलं की सगळं सुरक्षित असं मानणारे, किंवा ती खाती आधीच चोरून टॉरमधून वाचणारे, यांपैकी कुणाची ही रहदारी होती यावर तेव्हा वाद झाला. कुणाचीही असो, पासवर्ड उघड्यावर होते. टॉर वाट लपवतं. पत्र पाकिटात घालायचं काम आपलंच असतं.

गैरसमज: बिटकॉइनचा माग लागत नाही

बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार एका जाहीर खतावणीत कायमचा लिहिला जातो आणि ती खतावणी कुणीही उघडून वाचू शकतो. तिथं नाव नसतं, खात्याचा क्रमांक असतो. पण त्या पैशाचे रुपये किंवा डॉलर करायला माणूस एक्स्चेंजवर गेला की तिथं त्याचं ओळखपत्र असतं. रोकड यापेक्षा कितीतरी निनावी. 

जेम्स झाँग नावाच्या माणसाने २०१२ मध्ये सिल्क रोडच्याच पैसे काढायच्या व्यवस्थेतली चूक वापरून पन्नास हजारांवर बिटकॉइन लांबवले. चोराच्या घरी चोरी, तक्रार कोण करणार? नऊ वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, अमेरिकी आयकर खात्याचे तपासनीस जॉर्जिया राज्यातल्या त्याच्या घरी पोचले. काही ऐवज जमिनीखालच्या तिजोरीत होता. उरलेला एका छोट्या सर्किट बोर्डावर साठवलेला, आणि तो बोर्ड न्हाणीघरातल्या कपाटात, पॉपकॉर्नच्या डब्यात, पांघरुणांखाली. त्या दिवशीच्या भावाने एकूण किंमत ३ अब्ज डॉलरच्या वर होती. आपल्याकडे तांदळाच्या डब्यात पाटल्या ठेवतात, तसंच.

गैरसमज: इन्कॉग्निटो किंवा व्हीपीएन असलं की झालं

इन्कॉग्निटो तुमच्या घरच्यांपासून लपवतं, इंटरनेटपासून नाही. ब्राउझर स्वतःच्या वहीत नोंद ठेवत नाही एवढंच. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला, कॉलेजच्या नेटवर्कला आणि समोरच्या साइटला तुम्ही दिसताच. यावरून गूगलवर अमेरिकेत २०२० मध्ये दावा दाखल झाला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलने अशा ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. म्हणजे नोंदी होत्या.

व्हीपीएनमध्ये तीन पाकिटांऐवजी एकच पाकीट आणि एकच पोस्टमन असतो. त्या पोस्टमनला तुम्ही कोण आणि कुठं जाताय हे दोन्ही ठाऊक असतं. तो विश्वासू आहे का, हा खरा प्रश्न, आणि फुकटच्या ॲपबाबत त्याचं उत्तर मी 'नाही' असंच धरतो. त्यात भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ च्या आदेशात व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यानंतर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले.

गैरसमज: तिथं सुपाऱ्या दिल्या जातात, 'रेड रूम' असतात

पैसे भरून थेट प्रक्षेपणात छळ पाहायचा, अशा 'रेड रूम'च्या गोष्टी यूट्यूबवर लाखांनी बघितल्या जातात. अशी एकही खोली आजवर खरी म्हणून सिद्ध झालेली नाही. तीन थांबे घेत जाणाऱ्या जाळ्यावर साधा व्हिडिओ अडखळतो.

सुपारीच्या साइट मात्र आहेत, आणि त्या गिऱ्हाइकालाच गंडवतात. 'बेसा माफिया' ही त्यातली गाजलेली. बिटकॉइन घ्यायचे, मग 'मारेकरी विमानतळावर अडकला', 'आणखी पैसे लागतील' असं सांगत राहायचं. त्यांनी कुणालाही मारलं नाही. २०१६ मध्ये त्यांचे संदेश फुटले आणि आत गिऱ्हाइकांची मागणीपत्रं होती. मिनेसोटातल्या एका आयटीवाल्याने आपल्या बायकोला मारायला या साइटला हजारो डॉलर दिले होते. एफबीआयने त्या बाईला 'तुमच्या जिवावर कुणीतरी उठलंय' असं सांगून सावधही केलं. साइटने काहीच केलं नाही, म्हणून त्या नोव्हेंबरात त्याने स्वतःच तिला गोळी घातली आणि आत्महत्येचा देखावा केला. २०१८ मध्ये जन्मठेप झाली. डार्क वेबवर मारेकरी नव्हता. घरात होता.

गैरसमज: आपली माहिती चोरून विकणारे सगळे तिथंच असतात

ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जोकर्स स्टॅश' या चोरबाजारात भारतीय बँकांच्या सुमारे १३ लाख कार्डांचा तपशील एका झटक्यात विक्रीला आला होता, हे खरं. पण चोरीच्या माहितीची मोठी दुकानं साध्या वेबवर चालत आली आहेत. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती बाहेर आली, पॉलिसीचे कागद आणि वैद्यकीय अहवालही त्यात होते, तेव्हा ती टेलिग्रामवरच्या चॅटबॉटवर मिळत होती. तुमच्या फोनवर आत्ता आहे त्या टेलिग्रामवर.

ड्रग्जचा मालही शेवटी वायफायमधून येत नाही. जून २०२३ मध्ये एनसीबी या केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने एलएसडीचे सुमारे १५ हजार ब्लॉट, म्हणजे एलएसडीत भिजवलेले कागदाचे तुकडे, पकडले. ते जाळं डार्क वेब आणि क्रिप्टोवर चालत होतं, पण पुडी पोचवायला कुरिअरच लागत होतं. पत्ता, पिनकोड, दारावरची बेल. तिथं कांदा संपतो.

आणि 'डिजिटल अरेस्ट'? तुमच्या नावच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले म्हणणारा तो खोटा इन्स्पेक्टर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर येतो. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेला अशा माणसाने सहा तास खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. 'डार्क वेबवर तुमचं आधार सापडलंय' हे त्याचं वाक्य ऐकून त्या गळाठल्या. हा शब्द आता धमकीचं हत्यार झालाय. असा फोन आला तर ठेवून द्या; डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यांत पांगतात.

गैरसमज: लपवायला काही नसेल त्याला निनावीपणा कशाला हवा

हे वाक्य सहसा अशा माणसाच्या तोंडी येतं ज्याच्यावर कधी कुणी डूख धरलेला नाही.

१८८५ च्या जूनमध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध एक जळजळीत पत्र छापून आलं, सप्टेंबरात विधवांच्या हालांवर दुसरं. खाली सही 'एक हिंदू स्त्री' या अर्थाची. त्या होत्या रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली, नांदायला नकार दिलेली, आणि नवऱ्याने कोर्टात खेचलेली विशीतली मुलगी. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं फर्मावलं, तेव्हा तिने तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे १८९४ मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन त्या परतल्या. पण १८८५ च्या त्या जूनमध्ये नावानिशी लिहिणं किती अवघड गेलं असतं, याचा अंदाज खटल्याच्या काळात वृत्तपत्रांनी त्यांच्यावर काय काय लिहिलं त्यावरून येतो.

दुसरं नाव सत्येंद्र दुबे. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात नोकरी. सुवर्ण चतुष्कोण प्रकल्पातल्या गैरव्यवहाराबद्दल त्याने २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. पत्र गांभीर्याने घेतलं जावं म्हणून स्वतःची माहिती वेगळी जोडली आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्याला गोळी घालून मारलं. न्यायालयाने पुढे हा खून लुटीतून झाल्याचं धरून आरोपींना शिक्षा दिली. पत्र आणि खून यांचा संबंध कुणी सिद्ध केला नाही, पण नाव फुटायला नको होतं याविषयी दुमत नाही. त्याच्या मृत्यूनंतर जागल्यांच्या संरक्षणाची मागणी उठली, २०१४ मध्ये कायदाही मंजूर झाला. तो अंमलात मात्र आणला गेला नाही.

आज असा कुणी असेल तर जगातल्या कित्येक वृत्तपत्रांकडे 'सिक्युअरड्रॉप' नावाची पेटी असते. कागद त्यात टाकायचे, टाकणारा कोण ते पेटीलाही कळत नाही. ती टॉरवर चालते, म्हणजे लोक ज्याला डार्क वेब म्हणतात त्यावरच. तिच्या मूळ कोडमध्ये आरन स्वार्ट्झ या अमेरिकन प्रोग्रामरचा हात आहे. २०१३ च्या जानेवारीत तो गेला, पेटी त्याच वर्षी सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात मी नाशिकला गेलो. भाचा तोवर टॉरला कंटाळला होता. ओनियनवर त्याने बीबीसी उघडून पाहिलं होतं आणि ते सावकाश उघडतं म्हणून बंद केलं होतं. ताईच्या समाधानासाठी मी तिच्या फोनवर नजर टाकली. भलत्या परवानग्या मागणारी चार ॲप काढून टाकली. तिच्या ईमेलचा पासवर्ड दोन जुन्या डेटाफुटींत आधीच बाहेर गेलेला होता आणि नेटबँकिंगलाही तोच लावलेला होता.

पासवर्ड काय? भाच्याचं नाव आणि त्याचं जन्मसाल.